शिवी आली की आवाज बंद : घरच्या टीव्हीसाठी घरीच बनवायचा डबा

संध्याकाळी जेवणं उरकली की घरातली सगळी माणसं एकाच पडद्यासमोर बसतात. आजी असते, सून असते, चौथीतला नातू असतो. सिनेमा चांगला चाललेला असतो आणि मध्येच आई-बहिणीवरून एक शिवी खोलीभर घुमते. आजी मान फिरवते, सून रिमोट शोधते, आणि रिमोट सापडेपर्यंत पुढच्या दोन शिव्या होऊन जातात. याला उपाय आहे. थोडी हौस आणि सुट्टीतले दोन-तीन दिवस असतील, तर शिवीच्या जागी आवाज आपोआप बंद करणारा डबा घरीच बनवता येतो. तो कसा बनवायचा आणि बनवण्याआधी घरात काय ठरवायचं, ते या लेखात सांगतो. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, म्हणून सुरुवात मिळून नियम ठरवणाऱ्या राळेगणसिद्धी या गावापासून करतो.

राळेगणकडून काय घ्यायचं

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची ओळख पाणलोटाच्या कामामुळे आणि नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, श्रमदान या सूत्रांमुळे महाराष्ट्राला आहे. अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून गावी परतले, त्यानंतर हे सगळं घडत गेलं. मात्र पडद्यावर काय दिसावं आणि कर्ण्यावर काय वाजावं, याचाही विचार या गावानं केला होता, हे कमी जणांना ठाऊक असतं. मुकुल शर्मा यांनी २००६ साली राळेगणवर अभ्यासलेख लिहिला. गावात सिनेमे आणि सिनेमाची गाणी चालत नाहीत, संतांवरचे धार्मिक चित्रपट तेवढे चालतात आणि लग्नातही लाउडस्पीकरवर भक्तिगीतंच लागतात, अशी नोंद त्यात आहे.

सरसकट बंदी हा राळेगणचा मार्ग आज प्रत्येक घराला झेपणारा नाही. ज्या हातात मोबाइल आहे त्या हातात सिनेमा आहेच. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारलं जायचं, हे अण्णांनी स्वतः सांगितलेलं आहे. धाकाचा तो भाग घरात आणू नये, असं माझं ठाम मत आहे. घ्यायची गोष्ट वेगळी आहे. राळेगणात नियम चारचौघांत बोलून ठरायचे, गावसभेत मांडले जायचे आणि मग सगळ्यांना लागू व्हायचे. नियम टिकतो तो त्यामुळे.

राळेगणच्याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. सरपंच शरद आरगडे यांनी मांडलेला हा ठराव राज्यभर गाजला. याच गावानं त्याआधी विधवा प्रथेविरुद्धही ठराव केला होता. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद राहतात. पोरं अभ्यासाला बसतात.

भोंगा हे साधं यंत्रच आहे. तरी गावानं आधी ठरवलं म्हणून तो चालला. आपला डबाही तसाच चालणार आहे.

आधी हातात आहे ते वापरा

डबा बनवण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण निम्मं काम त्यातच होतं.

पहिली गोष्ट प्रमाणपत्राची. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन भाग झाले आहेत. ओटीटीवर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार वयोगट दाखवावा लागतो आणि मजकुरात काय आहे तेही सांगावं लागतं. कार्यक्रम सुरू होताना कोपऱ्यात ‘भाषा’, ‘हिंसा’ असे शब्द झळकतात ते त्यासाठीच. ते वाचायची सवय लावा.

दुसरी गोष्ट कुलपाची. १३ वर्षांपुढच्या मजकुराला पालकांचं कुलूप द्यायला हेच नियम ओटीटीला सांगतात. मुलांचं वेगळं प्रोफाइल करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला आकडी पिन लावा. पिन म्हणून घरातल्या कोणाचं जन्मसाल ठेवू नका, पोरं ते पहिल्या फटक्यात ओळखतात. डीटीएचच्या सेट-टॉप बॉक्समध्येही वाहिनीला कुलूप लावायची सोय बहुधा असते.

एवढं केल्यावर उरतात ते असे सिनेमे आणि मालिका, ज्या घरानं मिळून पाहाव्यात अशा आहेत, फक्त त्यातल्या दहा-वीस शिव्या खटकतात. डबा त्यांच्यासाठी आहे.

परदेशातलं यंत्र इथे का चालत नाही

अमेरिकेत असं यंत्र १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून विकत मिळत होतं. त्याचं नाव टीव्हीगार्डियन. तिथे बहिऱ्या प्रेक्षकांसाठी प्रक्षेपणातच संवादांची अक्षरं लपवून पाठवतात आणि १९९३ पासून १३ इंच व त्याहून मोठ्या टीव्हीत ती वाचायची सोय असणं कायद्यानं सक्तीचं झालं. हे यंत्र ती अक्षरं वाचायचं आणि यादीतला शब्द दिसला की आवाज बंद करायचं. २०११ मध्ये मॅट रिचर्डसन या हौशी कारागिरानं आर्डुइनो बोर्ड वापरून याच तत्त्वावर एक खटपट केली. ऐकून कंटाळा आलेल्या प्रसिद्ध माणसांची नावं अक्षरांत दिसली की त्याचा डबा रिमोटसारखा इशारा देऊन टीव्ही गप्प करायचा.

आपल्याकडच्या बहुतेक वाहिन्यांवर अशी लपवलेली अक्षरं येत नाहीत. शिवाय आता टीव्हीला जोडतो ती एचडीएमआय तार चित्र आणि आवाज नेते, ही अक्षरं वेगळी नेत नाही. म्हणून परदेशातून यंत्र मागवून उपयोग नाही. आपल्याला वेळेवर चालणारा डबा लागतो. कोणत्या सेकंदाला शिवी येते त्याची यादी आधी करायची आणि त्या सेकंदाला आवाज तोडायचा.

घरची यादी

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवा आणि कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात कधीच ऐकायचे नाहीत असे शब्द. आई-बहिणीवरून, बाईच्या चारित्र्यावरून आणि जातीवरून दिलेल्या शिव्या इथे येतात. दुसऱ्यात लहान मुलं समोर असताना नकोत असे. तिसऱ्यात राहू द्यायचे असे.

तिसरा रकाना रिकामा ठेवू नका. आपल्याकडे आजी नातवाला ‘मेल्या’ म्हणते, ‘मुडद्या’ म्हणते आणि लगेच त्याच्या ताटात तूप वाढते. असल्या शब्दांवर कात्री चालवली तर गावाकडचा सिनेमा मुका होईल. ‘गाढवा’, ‘च्यायला’ यांचं काय करायचं हे प्रत्येक घरानं आपलं ठरवावं. मुलांनाही मत द्या. दहा-अकरा वर्षांच्या पोराला कोणता शब्द का वाईट हे चांगलं कळतं, आणि स्वतः सांगितलेला नियम ते पाळतं.

एक अट मोठ्यांसाठी. पहिल्या रकान्यातले शब्द घरात कोणीही वापरायचे नाहीत. पडद्यावरची शिवी डबा गाळेल, पण बापाच्या तोंडची गाळणारा डबा नाही.

पहिला प्रकार : फाइलवर असलेला सिनेमा

सिनेमा रीतसर विकत घेतलेल्या, कुलूप नसलेल्या फाइलच्या रूपात तुमच्याकडे असेल तर काम सगळ्यात सोपं आहे. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक टीव्हीला जोडा आणि त्यावर कोडी हा फुकट मिळणारा प्लेअर टाका. कोडीला ‘ईडीएल’ नावाची छोटी मजकूर-फाइल वाचता येते. सिनेमाच्या फाइलचं जे नाव, तेच या फाइलचं नाव, फक्त शेपूट ईडीएलचं. प्रत्येक ओळीत तीन आकडे असतात. सुरुवातीचा सेकंद, शेवटचा सेकंद आणि काय करायचं त्याचा क्रमांक. शून्य म्हणजे तो तुकडा गाळा, एक म्हणजे आवाज बंद करा. आपल्याला एक हवा. मूळ सिनेमाला धक्का लागत नाही. ईडीएल फाइल काढून टाकली की सिनेमा जसाच्या तसा.

सेकंद कसे काढायचे ते एका उदाहरणानं पाहू. सबटायटलच्या फाइलमध्ये ही ओळ आहे असं समजा :

अरे हरामखोरा, माझ्या बैलाला का मारलंस?

ही ओळ २ मिनिटं ५ सेकंदांना येते आणि २ मिनिटं ८.४ सेकंदांना जाते. म्हणजे १२५.० ते १२८.४, एकूण ३.४ सेकंद. पूर्ण ओळीचा आवाज तोडला तर बैलाची गोष्टच कळणार नाही. म्हणून अक्षरं मोजा. अरे २, हरामखोरा ५, माझ्या २, बैलाला ३, का १, मारलंस ४. एकूण १७. ३.४ ला १७ नं भागलं की एका अक्षराला ०.२ सेकंद मिळतात. नकोसा शब्द दोन अक्षरांनंतर सुरू होतो, म्हणजे १२५.४ ला, आणि सातव्या अक्षराला संपतो, म्हणजे १२६.४ ला. बोलणारा थोडं मागेपुढे करतो, म्हणून दोन्ही बाजूंना ०.२ सेकंद सोडा. ईडीएलमधली ओळ अशी होईल :

१२५.२ १२६.६ १

प्रत्यक्ष फाइलमध्ये हे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा. मराठी जोडाक्षराचा उच्चार साधारण एका अक्षराच्या वेळात होतो, म्हणून ‘झ्या’ हे एकच अक्षर धरायचं. अक्षरं मोजून काढलेली वेळ बहुतेकदा चांगली जुळते. चुकली तर एकदा ऐकून दुरुस्त करा.

सबटायटल नसेल तर व्हिस्पर हे आवाजाचं लिखाण करणारं मोफत मॉडेल वापरता येतं. ते २०२२ मध्ये ओपनएआयनं खुलं केलं, ते मराठी आणि हिंदी ओळखतं आणि इंटरनेटशिवाय लॅपटॉपवर चालतं. प्रत्येक शब्दाची वेळही देतं. मराठीत त्याची अचूकता इंग्रजीइतकी नाही आणि ओरडून दिलेल्या शिव्या ते पुष्कळदा चुकीच्या लिहितं किंवा गाळतं. त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. इंग्रजी सबटायटलचंही तसंच. मूळ संवादातली शिवी भाषांतरात सौम्य झालेली असते किंवा नाहीशी झालेली असते. शेवटी घरातल्या एका मोठ्या माणसानं सिनेमा कानानं ऐकून यादी पक्की करायची, याला पर्याय नाही.

शब्द शोधताना होणारे घोटाळे

सबटायटलमधून शब्द शोधायचं काम पायथनमधल्या वीस-पंचवीस ओळींच्या प्रोग्रॅमवर सोपवता येतं. कॉलेजात जाणारं कोणीही पोर तो लिहून देईल. त्याला पुढच्या चार गोष्टी आवर्जून सांगा.

एक, अक्षरांचा तुकडा शोधू नका, अख्खा शब्द शोधा. यादीत ‘साला’ असेल आणि प्रोग्रॅम नुसता तुकडा शोधत असेल तर ‘पावसाला’, ‘उसाला’, ‘माणसाला’, ‘मसाला’ या सगळ्यांचा आवाज जाईल. शेतकऱ्याच्या सिनेमात मग काही शिल्लक राहणार नाही.

दोन, शब्दाची हद्द ओळखायची पायथनमधली नेहमीची खूण देवनागरीत फसते. काना, मात्रा, वेलांटी यांना ती अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्द भलतीकडेच तुटतो. सोपा मार्ग म्हणजे आधी स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह काढून टाका, मग मोकळ्या जागांवर ओळ तोडा आणि एकेक शब्द यादीशी ताडून पाहा.

तीन, विभक्ती. ‘हरामखोर’ यादीत टाकला तर ‘हरामखोरा’, ‘हरामखोरांनो’, ‘हरामखोराला’ हेही पकडायला हवेत. लांब शब्दांना ‘या अक्षरांनी सुरू होणारा’ असा नियम लावा. ‘साला’, ‘साल्या’, ‘साले’ यांसारख्या छोट्या शब्दांना मात्र तंतोतंत जुळणीच ठेवा.

चार, संदर्भ. हिंदी मालिकेत ‘साला’ हा बायकोचा भाऊही असतो. ‘कुत्र्या’ ही हाक कधी शिवी असते, कधी दारातल्या कुत्र्यालाच मारलेली असते. असे शब्द प्रोग्रॅमनं थेट तोडू नयेत, वेगळ्या यादीत काढून द्यावेत. निर्णय माणसानं घ्यावा.

आणखी एक सूचना. आवाज गेला पण खाली सबटायटलमध्ये तोच शब्द झळकला तर सगळी मेहनत वाया. त्याच प्रोग्रॅमकडून सबटायटलच्या प्रतीत त्या शब्दाच्या जागी फुल्या घालून घ्या.

दुसरा प्रकार : ओटीटीसाठी डबा

ओटीटीवरच्या सिनेमाची फाइल आपल्या हातात नसते, त्यामुळे ईडीएल चालत नाही. तिथे खरा डबा लागतो. तो टीव्ही आणि स्पीकर यांच्या मध्ये बसतो.

साहित्य असं : ईएसपी३२ (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड), दोन रिलेंचं तयार मॉड्यूल (बोर्डाच्या ३.३ व्होल्ट इशाऱ्यावर चालतं ना, हे विचारून घ्या), ३.५ मिलिमीटरची दोन सॉकेटं, पाच दाबकळा, इन्फ्रारेड एलईडी, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १०० ओहम आणि १ किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर, टीएसओपी१७३८ हा रिमोटचे इशारे वाचणारा सेन्सर आणि मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. बाहेरचा स्पीकर हवाच, कारण आवाज आपण टीव्हीच्या हेडफोन-सॉकेटमधून बाहेर काढून मध्येच तोडणार आहोत. टीव्हीच्या आतल्या स्पीकरला हात लावायचा नाही. टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका. आत धोकादायक व्होल्टेज असतं आणि या कामासाठी आत जायची गरजही नाही.

आवाज रिमोटच्या ‘म्यूट’नं का तोडायचा नाही, ते समजून घ्या. बहुतेक टीव्हींचं म्यूट एकाच बटणानं चालू आणि त्याच बटणानं बंद होतं. डब्यानं दिलेला एक इशारा टीव्हीपर्यंत पोहोचला नाही की पुढचं सगळं उलटं होतं. शिवी मोठ्यानं ऐकू येते आणि बाकीचा सिनेमा मुका. रिले म्हणजे इशाऱ्यावर जोडणी बदलणारा स्विच, त्याचं तसं होत नाही.

जोडणी अशी करा. आवाजाच्या तारेत डावा, उजवा आणि जमीन असे तीन पदर असतात. जमिनीचा पदर टीव्हीपासून स्पीकरपर्यंत सरळ जाऊ द्या. डाव्यासाठी एक रिले, उजव्यासाठी दुसरा. प्रत्येक रिलेचं मधलं टोक स्पीकरकडे जोडा, नेहमी जुळलेलं टोक टीव्हीकडे आणि नेहमी तुटलेलं टोक जमिनीकडे. रिले ओढला की टीव्ही तुटतो आणि स्पीकरचं टोक जमिनीला टेकतं, त्यामुळे घुरघुर होत नाही. दुसरा फायदा आपल्याकडे फार मोलाचा. डब्याचा चार्जर निघाला किंवा बिघडला तरी रिले सैल पडतो आणि आवाज नेहमीसारखा चालू राहतो. यंत्र बंद पडल्यामुळे घराचा टीव्ही मुका झाला, असं होत नाही.

आता वेळ. नकोशा शब्दांची सेकंदांची यादी बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये भरा. एका सिनेमाला शंभर नोंदी असल्या तरी जागा पुरते. इथे आर्डुइनो नॅनो न घेता ईएसपी३२ घ्यायला सांगितलं त्याला कारण आहे. नॅनोचं घड्याळ सिरॅमिक रेझोनेटरवर चालतं आणि दोन-तीन तासांत काही सेकंद घसरू शकतं. ईएसपी३२ वर क्रिस्टल असतो, त्याची घसर सिनेमाभरात सेकंदाच्या लहानशा भागाइतकीच होते. सेकंदभराचा शब्द पकडायचा तर हे लागतंच.

पाच कळांची कामं अशी :

१. सुरू : सिनेमातली ठरवलेली एक ठळक जागा, उदाहरणार्थ नाव पडद्यावर येतं तो क्षण, आली की ही दाबायची. यादीतले सेकंद तिथून मोजलेले असावेत.

२. थांब : ही दाबली की डब्याचं घड्याळ थांबतं आणि त्याच वेळी डबा इन्फ्रारेड एलईडीमधून टीव्हीला ‘पॉज’चा इशारा देतो. पुन्हा दाबली की दोन्ही एकदम सुरू. सिनेमा थांबवायचा तो याच कळीनं, रिमोटनं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

३ आणि ४. पाव सेकंद पुढे, पाव सेकंद मागे : इंटरनेट अडखळलं की जुळणी चुकते, ती या दोन कळांनी सावरायची.

५. हाताची कळ : दाबून धरेपर्यंत आवाज बंद. यादीत सुटलेल्या शब्दासाठी.

टीव्हीच्या पॉजचा इशारा शिकवायला टीएसओपी१७३८ वापरा. रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा आणि आलेला कोड आयआररिमोट या तयार लायब्ररीनं वाचून घ्या. सेन्सरच्या तीन पायांचा क्रम डेटाशीटमध्ये पाहूनच वीज द्या, कारण दिसायला सारख्या सेन्सरांत हा क्रम वेगळा असतो. एलईडी बोर्डाच्या पायाला थेट जोडू नका. बीसी५४७ च्या बेसला १ किलो-ओहम आणि एलईडीच्या मालिकेत १०० ओहम ठेवा. एलईडी पेटतो की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा, बहुतेक फोनमध्ये जांभळट उजेड दिसतो. काही स्मार्ट टीव्ही आणि स्टिकचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. तिथे हा इशारा लागू पडणार नाही. मग रिमोट आणि कळ एकाच वेळी दाबायचा सराव करावा लागेल.

सिनेमा पुढे-मागे ओढला तर जुळणी मोडते. म्हणून यादी करतानाच दर पंधरा-वीस मिनिटांनी एकेक ठळक खूण लिहून ठेवा. मध्यंतराची पाटी, एखाद्या गाण्याची सुरुवात, असं काही. तिथे ‘सुरू’ची कळ लांब दाबली की घड्याळ त्या खुणेच्या सेकंदावर येईल, अशी सोय प्रोग्रॅममध्ये ठेवा. जाहिराती येणाऱ्या योजनेत ही युक्ती फारशी चालत नाही.

थेट प्रक्षेपणात पुढे काय बोललं जाणार हे कोणालाच माहीत नसतं, तिथे हाताची कळ तेवढी कामाची. वाहिन्यांवरच्या सिनेमात मात्र शिव्या आधीच गाळलेल्या किंवा बीप घातलेल्या असतात, त्यामुळे तिथे डब्याची गरज कमी पडते.

कायद्याची मर्यादा

स्वतःच्या घरात स्वतःच्या टीव्हीचा आवाज कमी करण्यात कसलाही गुन्हा नाही. डबा तेवढंच करतो. सिनेमाची नवी प्रत बनवू नका, कापलेली प्रत कोणाला देऊ नका आणि डिस्कचं किंवा ओटीटीचं कुलूप तोडू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५अ हे असं कुलूप तोडण्याबद्दलच आहे. अमेरिकेत २००५ च्या कायद्यानं घरच्या घरी आवाज गाळायला स्पष्ट मुभा दिली. तरीही व्हिडअँजल या कंपनीनं डिस्कची कुलपं तोडून सिनेमे गाळून दाखवले तेव्हा २०१६ मध्ये न्यायालयानं तिला रोखलं आणि २०१९ मध्ये सहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. सेकंदांची यादी शेजाऱ्याला द्या, सिनेमा देऊ नका.

डबा बंद ठेवायची वेळ

काही सिनेमांत शिवी हाच विषय असतो. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ घ्या. त्याची गोष्ट राळेगणच्याच जिल्ह्यातल्या अकोळनेरची आहे. डुकरं पकडणाऱ्या कुटुंबाला भोवतालचं गाव ज्या शब्दांनी हिणवतं, ते शब्द गाळले तर त्याच कुटुंबातल्या जब्याच्या हातात शेवटी दगड का येतो हे मुलांना कळणार नाही. गावकऱ्यांची तोंडं हलतील, आवाज येणार नाही आणि अन्याय करणारेच सभ्य दिसतील. आठवी-नववीच्या पुढच्या मुलांबरोबर असा सिनेमा डबा बंद ठेवून पाहा आणि संपल्यावर बोला. हा शब्द कोण कोणाला म्हणतं, उलट का म्हणू शकत नाही, हे विचारा. सौंदाळ्याच्या ठरावामागेही हाच विचार आहे. शिवी बाईला आणि दुबळ्याला लागते, म्हणून ती थांबवायची.

डब्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. तो आवाज तोडतो, मारहाण आणि ओंगळ दृश्यं तशीच राहतात. कानात इअरफोन घालून मोबाइलवर रील पाहणाऱ्या पोरापर्यंत तो पोहोचत नाही, आणि आज शिव्या सगळ्यात जास्त तिथूनच येतात. आवाज गेला की पोरं ओठांवरून शब्द ओळखायला बघतात. त्यावर ओरडू नका. “हा आपण पहिल्या रकान्यात लिहिलेला शब्द होता,” एवढं सांगितलं की पुरे. लपवलेल्या गोष्टीची ओढ सांगितल्यानं कमी होते.

शाळांना आणि तरुण मंडळांना एक विनंती. गणपतीत किंवा यात्रेत चौकात सिनेमा दाखवायचा असेल, तर आधी त्याची रीतसर परवानगी घ्या, मग दोन मोठ्या माणसांना बसवून सेकंदांची यादी करा आणि डबा जोडा. ईएसपी३२ चं हे काम आयटीआयच्या किंवा विज्ञान प्रदर्शनाच्या मुलांना प्रकल्प म्हणून अगदी योग्य आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकता येतं, देवनागरीवर प्रोग्रॅम कसा चालवायचा ते कळतं आणि गावाच्या उपयोगाची वस्तू तयार होते. येत्या सुट्टीत सुरुवात कागदावरच्या तीन रकान्यांपासून करा. ते भरले की डबा दोन-तीन दिवसांत होतो. ते न भरता बनवलेला डबा महिनाभरात माळ्यावर जातो.